आधी खेळ विचारायचा

तनुजानं कंट्रोलर दादाच्या मांडीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरकून ती भिंतीला टेकली. तिला अशी जागा हवी होती, जिथून पडदाही दिसेल आणि दादाचा चेहराही.

"घे. आता बोलणं बास," ती म्हणाली.

इंद्रजीतनं कंट्रोलरकडं नुसतं पाहिलं, उचलला नाही. दुपार कलली होती तरी टीव्ही सेंटरमागच्या गल्लीतला आकाशचा गेमिंग कॅफे तव्यासारखा तापला होता. कूलर रिकामाच घरघरत होता. नळाला पाणी आलं की भरू, असं आकाश कितीतरी दिवस म्हणत होता. गिऱ्हाईक नव्हतंच. या तिघांसाठी त्यानं शटर अर्धं खाली ओढून घेतलं होतं.

"थांब गं," बिभीषण म्हणाला. तो कन्नड तालुक्यातला, इथं इंजिनिअरिंगला होता आणि होस्टेलपेक्षा या खुर्च्यांवरच जास्त सापडायचा. "आधी भाऊला बोलू दे. फाशीच्या आधी विचारतात ना, शेवटची इच्छा काय म्हणून."

"मी काय नवीन बोलणार," इंद्रजीत म्हणाला. आठवड्यातली त्याची एकुलती सुट्टी होती, गुरुवारची, आणि तो दाढी न करता आला होता. "पहिल्या चार भागांत राक्षस समोर आला की सगळं थांबायचं. आधी खेळ विचारायचा, बोल, काय करतोस? मारतोस, औषध देतोस, का पळतोस? तू चहा पिऊन आलास तरी तो बिचारा तिथंच उभा. आता विचारतच नाय."

"विचारायला तू काय जावई आहेस का त्याचा?" बिभीषण म्हणाला.

"खरं आहे पण त्याचं," आकाश गल्ल्यामागून म्हणाला. "मी लढाई चालू ठेवून जेवून यायचो."

"म्हणूनच झोप यायची!" तनुजाला राहवलं नाही. "राक्षस असा उभा राहतो का कुठं, रेशनच्या रांगेत राहिल्यासारखा? अंगावर आला की हाणायचा! पाचव्या भागात जीव आहे, दादा. पहिल्यांदा खेळले तेव्हा मी श्वास घ्यायचं विसरले होते."

"आणि सोबती? चौघं होते. प्रत्येकाचं ऐकावं लागायचं. आता हा एकटाच पळत सुटतो."

"एकटाच बरा. ती वैदीण दर मुक्कामाला तिच्या गावाची तीच ती गोष्ट सांगायची."

"तीच नव्हती," इंद्रजीत म्हणाला. "दर मुक्कामाला थोडी कमी सांगायची. शेवटी शेवटी तर नुसतं गावाचं नाव घ्यायची आणि गप बसायची. तू लक्षच नाय दिलं."

बिभीषणनं खुर्ची पुढं ओढली. इंद्रजीत बोलू लागला की असंच व्हायचं. खेळाचं खरं नाव होतं 'लँटर्नफोक', पण इथं सगळे त्याला 'कंदील' म्हणायचे. अंधारानं गिळलेल्या मुलखातून एक कंदील घेऊन निघालेल्या माणसांची ती गोष्ट. शहरातल्या कंदीलवेड्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप इंद्रजीतनं कॉलेजात असताना काढला आणि लोक त्यात आले ते त्याचं लिहिणं वाचायला. कुठल्या भागात काय बदललं, का बदललं, त्यात काय कमावलं आणि काय गमावलं, हे तो असं लिहायचा की न खेळणाऱ्यालाही वाचावंसं वाटावं. वाळूजच्या कारखान्यात तो टोकन नंबर होता. ग्रुपवर तो कंदीलवाला होता. अलीकडं तो लिहीत नसे, आवाजाचे लांबलचक मेसेज पाठवायचा. बिभीषण त्यांना 'आकाशवाणी' म्हणायचा, पण कामं सोडून ऐकायचा.

पाचवा भाग आला आणि त्या आकाशवाणीत फक्त एकच बातमी उरली: कंदील विझला. रोज तेच. ग्रुपात दोन तट पडले, जुने आणि नवे, आणि नव्यांच्या पुढाऱ्या झाल्या तनुजाबाई. अकरावीत गेल्यापासून तिला आपण बोललो की लोक ऐकतात याचा शोध लागला होता आणि त्या शोधाचा ती पुरेपूर वापर करत होती. काल तिनं सगळ्यांसमोर लिहिलं: 'दादा, बोलतोस लई. फाटकावरच्या राखणदाराला एकदा हरवून दाखव. नाय जमलं तर पाचव्या भागावर परत एक शब्द बोलायचा नाय.' हसणाऱ्या तोंडांचा नुसता पाऊस पडला होता. खाली इंद्रजीतनं अंगठा टाकला. म्हणजे आता मागं फिरायची सोय नव्हती.

त्यानं कंट्रोलर उचलला.

पडद्यावर गंजकं फाटक आलं आणि त्याच्यापुढं विळा घेतलेला राखणदार. पहिला वार फसवा असतो, दुसरा खरा. दुसरा खांद्यावर येईस्तोवर थांबायचं आणि मग उडी. तनुजाला हे जमायला एक संध्याकाळ लागली होती. दादाला पाच मिनिटं लागतील, असं तिनं मनात धरलं होतं. तो जिंकला असता तरी तिचंच खरं ठरणार होतं. एवढी मजा आली की कोण म्हणेल खेळ वाईट?

"हा फसवा," इंद्रजीत पुटपुटला. "आता डावीकडनं... आता!"

विळा बरोबर डावीकडून आला. पडद्यावरच्या माणसानं उडी मारली ती वार बसल्यावर. कंदील विझला.

"अरेरे," आकाश म्हणाला.

दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदाही. तो प्रत्येक वार येण्याआधी सांगायचा, "आता वरनं," "आता फिरणार बघ," आणि एकदाही चुकला नाही. पण माणूस मात्र दर वेळी उशिरा हलायचा. नवरीनं हार घालून झाल्यावर नवरदेवानं मान पुढं करावी तसा.

"भाऊ, ज्योतिषी हो तू," बिभीषण हसून लोळायचा बाकी होता. "भविष्य सगळं बरोबर, फक्त स्वतःला वाचवता येईना! मी काय म्हणतो, पाळण्यात टाक की."

पाळणा म्हणजे एक सोय होती. ज्याचा हात चालत नाही त्याच्यासाठी वार संथ करून द्यायची. पाचव्या भागाच्या जाहिरातीत ती पहिल्यांदा दिसली तेव्हा तिला 'पाळणा' हे नाव ठेवलं इंद्रजीतनंच. 'आता राक्षसच अंगाई म्हणणार' असंही त्यानं लिहिलं होतं. ते एवढं गाजलं की ग्रुपात पाळण्यात खेळणारा कुणी असलाच, तर त्यानं ते आजवर कबूल केलं नव्हतं.

इंद्रजीतनं सेटिंग उघडलं. उजळलेली पट्टी त्या ओळीवर जाऊन थांबली. कूलर घरघरत होता. त्यानं बाहीनं कपाळ पुसलं, पट्टी तशीच होती. मग तो मागं आला.

"नाय," तो म्हणाला. "आहे तसंच."

तनुजाला हसू येत होतं. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं, कारण तेवढ्यात दादानं खाली पाहिलं.

राखणदार विळा उचलत होता, पडद्यावरून पापणी हलवायची नाही अशी ती वेळ, आणि दादानं मान खाली घालून आपला अंगठा कुठं आहे ते पाहिलं. बटणावर आहे ना, याची खात्री केली. डोळ्यांनी.

ज्यानं तिला पाच-सहा वर्षांची असताना शेजारी बसवून सांगितलं होतं की हाताकडं बघायचं नाय, हाताला माहीत असतं, तो हाताकडं बघत होता.

तिची पाठ भिंतीपासून सुटली. परवा चुलीवरून नुकताच उतरवलेला वाफाळता चहा आईनं स्टीलच्या पेल्यात ओतला, आणि दादानं तो मुठीत धरला. आई ओरडली, भाजेल की रे! तो म्हणाला, नाय भाजत. तनुजाच हसली होती तेव्हा: कंपनीनं दादाला लोखंडाचा केला. कंपनीत तो ओतीव तुकड्यांच्या कडा घासायचा. हातात ग्राइंडर, तो थरथरतो आणि त्याच्याबरोबर माणूस. घरी आला की हात मांड्यांखाली दाबून बसायचा. कंटाळलाय, असं ती धरून चालली होती.

कंदील विझला.

"दादा, बास आता," ती म्हणाली. "उकडतंय लई."

"अरे वा! कालची वाघीण कुठं गेली?" बिभीषण म्हणाला.

इंद्रजीतनं तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ. तिच्या तोंडावर जे होतं ते त्यानं वाचलं असावं, कारण त्यानं कंट्रोलर तिच्यापुढं धरला.

"तू खेळ."

"मला नाय खेळायचं."

"खेळ की. तुझ्यासाठीच आलो ना इतक्या उन्हात?" आणि मग खालच्या आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं, "मुद्दाम हरलीस तर बघ."

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. कंट्रोलर घामानं ओला होता, तिनं तो ओढणीला पुसला. फाटक आलं, राखणदार आला. पहिला वार तिनं जाऊ दिला, दुसऱ्याला उडी मारली, आणि मग तिची बोटं तिला न विचारता पळू लागली. शेजारी दादा पडद्याकडं बघत नव्हता. तो तिच्या अंगठ्यांकडं बघत होता, लग्नात दुसऱ्याच्या ताटाकडं बघावं तसा नाही. शेतातल्या पाटाचं पाणी बघत बसावं तसा, निवांत. फाटक करकरत उघडलं आणि आत पहाट झालेला मुलूख दिसला. डोंगर, धुकं, एक लांबची नदी. बिभीषणनं शिट्टी मारली.

रोज या जागी तनुजा खुर्चीवर उभी राहायची. आज तिनं कंट्रोलर टेबलावर ठेवला.

"चांगलाय," इंद्रजीत म्हणाला.

"काय?"

"खेळ. चांगला केलाय. वार बरोबर जिथं यायला पाहिजे तिथं येतो, एक क्षण इकडंतिकडं नाय. उगंच शिव्या घातल्या मी." तो उठला. "हरलो. शब्द म्हणजे शब्द. आता नाय बोलत."

बिभीषणची शिट्टी ओठांतच विरली. "ए भाऊ, असं नक्को करू ना यार. गंमत होती ती. तू बोलला नाय तर आम्ही भांडायचं कुणाशी? ही तर एका दिवसात आमचा फडशा पाडील."

"पाडू दे की."

"बरं, चहा तरी घे," आकाश म्हणाला.

"नको. अंग आंबलंय नुसतं. जाऊन पडतो."

शटरखालून वाकून दोघं बाहेर आले. ऊन उतरलं होतं, पण रस्ता अजून वाफ टाकत होता. बॅटरीच्या स्कूटरपाशी येऊन इंद्रजीतनं खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"तू चालव."

एरवी ती या किल्लीसाठी चार दिवस मस्का लावायची. तिनं मूठ मिटली.

"कधीपासनं आहे?"

"काय?"

"दादा."

तो मागच्या सीटवर बसला आणि पायाशी बघत राहिला. "दिवाळीनंतर कधीतरी. आधी मुंग्या यायच्या. आता मुंग्यापण येत नायत."

"दाखवलंस कुणाला?"

"कुणाला दाखवू? कॉन्ट्रॅक्टवर आहे मी, तनू. डॉक्टरनं कागदावर लिहिलं की दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा उभा. गेटवर रांग आहे." तो थोडा हसला. "तिथंपण कुणी थांबत नाय. चल आता. आणि आईपुढं तोंड उघडू नको."

स्कूटर सुरू झाल्याचा आवाजही झाला नाही. ती सावकाश निघाली. रसवंतीचे घुंगरू, ओळखीची दुकानं, समोरून येणाऱ्या कंपन्यांच्या बस, खिडक्यांना डोकी टेकवून झोपलेली माणसं. एरवी अशा बसमध्ये दादा दिसला की ती हात हलवायची. तो झोपलेला असायचा. जिंकले, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं. ते कुणा दुसऱ्याच मुलीबद्दल असल्यासारखं वाटलं.

सिडको चौकात सिग्नल लाल होता. इथून डावीकडं मुकुंदवाडी, घर. उजवीकडं सेव्हन हिल. तिथल्या एका इमारतीत, खालपासून वरपर्यंत पाट्याच पाट्या लावलेल्या, आईच्या मानेसाठी ते गेल्या वर्षी खेटे घालत होते. शिरांचे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर, संध्याकाळीच बसायचे.

सिग्नल हिरवा झाला. तनुजानं उजवीकडचा दिवा लावला.

"ए, घर तिकडं," इंद्रजीत मागून म्हणाला.

"माहितीये."

"तनू, सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे मला."

"असू दे."

मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. तिनं हॅण्डल वळवलं. आता तो ओरडेल, आता उतरतो म्हणेल, आता खांदा धरून थांबवेल, असं तिला चौक ओलांडेस्तोवर वाटत होतं. तो नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिला. त्या हाताचं वजन तिला लागत होतं. त्याला तिचा खांदा लागत होता की नाही, ते विचारायचा तिला धीर झाला नाही.