गोनसुकेचा खांदा

गोनसुके माझ्या गाण्याच्या वर्गातला सगळ्यात जुना विद्यार्थी. गुडघ्याइतका उंच, अंगाने डब्यासारखा, डोक्यावर कुणीतरी विणून दिलेली लाल टोपी. त्याला दोनच गोष्टी येत. समोरच्या लोखंडी पट्ट्यांवर काठीने सूर वाजवायचे आणि गाणं थांबलं की म्हणायचं, "पुन्हा एकदा!" तो वर्गातल्याच चिसेच्या आजोबांचा, आणि त्यांच्याच हातून एकदा जिन्यावरून पडला होता. तेव्हापासून त्याचा स्पीकर घसघसायचा आणि तिसरा ठोका हमखास उशिरा पडायचा.

"अरे ए, तुला ना जेवण, ना झोप, ना गृहपाठ," मुलं त्याच्यावर ओरडत, "आणि तरी चुकतोस?"

"पुन्हा एकदा!" गोनसुके म्हणे, की सगळा वर्ग खिदळायचा.

आजोबा गेले तेव्हा चिसे दुसरीत होती. तेव्हापासून ती त्याला तान्ह्या बाळासारखं पाठीवर बांधून वर्गाला आणायची. आई मासळीच्या कारखान्यात, दिवसभर बर्फात हात. चिसे गायची ती फक्त गोनसुके वाजवत असला तरच. मी कधी घाई केली नाही. मुलाचा आवाज कुठून येतो ते त्या मुलालाच ठाऊक असतं, शिकवणाऱ्याने तिथे पोचेपर्यंत थांबायचं असतं.

शरदातल्या शाळांच्या संगीत मेळाव्यात ती दोघं मिळून एक गाणं म्हणणार होती. चिसेने त्याला नवी काठीही करून दिली होती. आणि त्याचा उजवा खांदा अडकला.

आमच्या बंदरात रेडिओ दुरुस्त करणारे मिझोगुचीच काय ते असल्या जुन्या यंत्रांना हात लावत. त्यांनी पाठ उघडली, बघितलं, मिटली.

"ही मोटर आता कुठे बनत नाही. याच्याच जातीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी अंगातून काढावी लागेल."

"मेलेल्याच्या?" चिसेने विचारलं.

"मेलेल्याच्याच. आधी देवळात मंत्र म्हणायचे, त्याला निरोप द्यायचा. त्यानंतर स्क्रू. त्याआधी मी हात लावत नाही, बाळा."

त्यांनी बऱ्याच जणांना फोन केले. शेवटी पलीकडच्या बंदरातले कांबे नावाचे एक गृहस्थ सापडले. फोन ठेवताना मिझोगुचींचा चेहरा खुलला होता.

"म्हणाले, 'आमची सुझु ना? छे हो, भंगार आहे ते. मेल्यातच जमा. पोरीच्या उपयोगी पडत असेल तर खुशाल न्या.'"

आमच्याकडे आपल्या वस्तूला कुणी चांगलं म्हणत नाही. पाच पदार्थ रांधून समोर ठेवतात आणि म्हणतात, घ्या, बेचव आहे. हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. पण त्या दिवशी कुणाला आठवलं नाही.

रविवारी मिझोगुची, चिसे आणि मी निघालो. गोनसुके चिसेच्या पाठीवर. समुद्रावरून धुकं आलं होतं. कांबेसान आम्हाला घ्यायला बसच्या थांब्यावर आले होते. गावात निम्मी घरं बंद होती. त्यांनी आपलं दार सरकवलं आणि आतून आवाज आला, "आलात? दमला असाल. हात धुवा, च..." आणि तो मध्येच तुटला.

"आलो, आलो," कांबेसान म्हणाले. सवयीने म्हणाले. मग आम्ही मागे उभे आहोत हे आठवून ओशाळले.

सुझु कोपऱ्यात बसवली होती. अंगावर इस्त्रीचं एप्रन, शेजारी न्यायला उघडा खोका, त्यात मऊ कापड अंथरलेलं.

"ही मेलेली नाहीये," चिसे म्हणाली.

"अगं, मेल्यासारखीच. वाक्यसुद्धा पुरं करत नाही. आमची ही गेली तेव्हा घेतली होती, तीही स्वस्तातली."

"पण आजोबा, तुम्ही तिला उत्तर दिलंत."

कांबेसान माझ्या भरलेल्या कपात पुन्हा चहा ओतू लागले. दिलेला शब्द त्यांना मागे घेता येईना. नको म्हणून त्यांचं देणं झिडकारणं आम्हाला जमेना. आम्ही मोठी माणसं ओल्या टेबलाकडे बघत बसलो.

"काका, जिवंत असताना मंत्र म्हणतात का?"

"नाही," मिझोगुची म्हणाले.

"मग चला." तिने गोनसुकेला पाठीवर घेतलं आणि कांबेसानना वाकून नमस्कार केला.

बसमध्ये ती लाल टोपीत तोंड खुपसून रडली. मी समजूत घातली नाही, काही खरं सांगण्यासारखं नव्हतं. आमचा थांबा जवळ आला तेव्हा तिने विचारलं, "काका, सुझु मध्येच का तुटते?"

"स्पीकर गेलाय तिचा. यांना बाहेरचा बसत नाही."

"गोनसुकेचा?"

"घसघसतो," मिझोगुची म्हणाले. "पण बसेल."

त्यानंतर बरेच दिवस ती वर्गाला आली नाही. मग एका दुपारी माझ्या दारात उभी. पाठीवर गोनसुके, टोपी धुतलेली.

"बाई, देवळात तुम्ही पण याल? याला निरोप द्यायला?"

कांबेसान काळ्या सुटात आले. गोनसुकेपुढे त्यांनी कपाळ चटईला टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. पुजाऱ्यांनी मंत्र म्हटले. शेवटची घंटा विरली आणि शांततेत घसघसणारा आवाज आला, "पुन्हा एकदा!"

आम्ही हसलो, पुजारीसुद्धा हसले. मग कुणाला कुणाकडे बघवेना. पुजाऱ्यांनी घसा साफ केला आणि सगळे मंत्र खरोखरच पुन्हा एकदा म्हटले. या वेळी ते संपायच्या आत चिसेने पाठीमागे हात घालून त्याचं बटण बंद केलं.

मेळाव्यात ती एकटीच मंचावर गेली. मी पियानोवर सुरुवात केली. ती गायली नाही. गाणं संपेपर्यंत ताठ उभी राहिली, नमस्कार केला, खाली आली. मागून कुणाची तरी आई हळहळली, "पोर घाबरली बिचारी."

"घाबरले नव्हते," चिसे मला म्हणाली. "तिसऱ्या ठोक्याची वाट बघत होते."

त्यानंतर तिने वर्गात गाणं म्हटलेलं नाही. येते, ऐकत बसते. मीही थांबले आहे.

हिवाळ्यात कांबेसाननी बोलावलं म्हणून आम्ही दोघी गेलो. तसंच धुकं. या वेळी दार चिसेने सरकवलं.

"आलात? दमला असाल. हात धुवा, चहा ठेवलाय."

शब्द सुझुचे होते, वाक्य पुरं होतं, आणि त्यातून घसघस येत होती. चिसे एक बूट काढून तशीच उभी राहिली. कांबेसाननी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

उघड्या दारातून थंडी घरात शिरत होती. कुणी दार लावलं नाही.

"आले," चिसे हळूच म्हणाली, आणि दुसरा बूट काढून हात धुवायला गेली.