तासगावची अडकलेली लाइन

लालासाहेब मेकॅनिक पेटी घेऊन तासगावच्या टेलिफोन ऑफिसात आला, तेव्हा सयाजीनं त्याला बस म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही. सयाजी पलटणीत सिग्नलची नोकरी करून आलेला, आता तासगावचा ऑपरेटर. लालासाहेब सांगलीचा आणि एके काळी त्याचा दाजी. पटत नाही एवढंच कारण सांगून त्यानं सयाजीच्या बहिणीला, बनाबाईला, माहेरी आणून सोडलं आणि दुसरी बायको केली. त्यानंतर दोघं समोर आले ते हे असे, सरकारी कामानं.

सांगलीत नवं, आपोआप चालणारं एक्स्चेंज बसलं होतं. तिथं लोक तबकडी फिरवून नंबर लावायचे. तासगावात मात्र अजून हँडल मारायचा जुना बोर्ड. हँडलची घंटा नव्या यंत्राला कळत नव्हती आणि तबकडीचे ठोके बोर्डाला. त्या दोघांना जोडायला ही पेटी. सांगलीहून कुणी नंबर फिरवला की तासगावच्या बोर्डावरची बारकी झडप खाली पडायची आणि फोन आल्याचं कळायचं. बोलणं संपलं की ऑपरेटरनं एक कळ दाबायची, म्हणजे लाइन सुटायची. सांगलीची तेवढी एकच लाइन आणि तीही आता पेटीतूनच.

"कळ इसरायची न्हाई," लालासाहेबानं बजावलं. "लाइन लय वेळ अडकली तर हितनं सुटत न्हाई. सांगलीत हातानं सोडवाय लागती."

"कळलं, मेकॅनिक," सयाजी म्हणाला. दाजी हा शब्द त्यानं केव्हाच टाकून दिला होता.

महिनाभरात लाइन वरचेवर अडकायला लागली. द्राक्षाचे व्यापारी ऑफिसात येऊन आरडाओरडा करायचे आणि सयाजी शांतपणे पेटीकडं बोट दाखवायचा. लालासाहेब एस्टीनं हेलपाटे घालायचा, पेटी उघडायचा, दोष सापडायचा नाही. वरच्या साहेबांनी त्याला चारचौघांत झापल्याचं सयाजीच्या कानावर आलं, त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं. बोलणं संपल्यावर कळ दाबायची तो मुद्दाम टाळत होता.

शेवटी इंजिनियर साहेब स्वतः पाहणीला यायचे ठरले. त्या सकाळी सांगलीचा एक फोन आला, संपला आणि सयाजीनं कळ तशीच ठेवली. साहेबांना अडकलेली लाइन दाखवायची होती.

साहेब आणि लालासाहेब येऊन टेकतात न टेकतात तोच बेदाण्याच्या शेडचे मालक नानासो धापा टाकत आत आले. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या खोलीत त्यांचा गडी गुंडा बेशुद्ध पडला होता. त्याला श्वास घेता येत नव्हता. इथल्या डॉक्टरांकडं प्राणवायू नव्हता, सांगलीच्या दवाखान्याची गाडी मागवायची होती.

सयाजीचा हात कळीवर गेला. त्यानं ती दाबली, पुन्हा दाबली. लाइन सुटली नाही. लालासाहेबानं त्याला बाजूला सारून पाहिलं. मग मान वळवून त्यानं सयाजीच्या तोंडाकडं बघितलं. त्याला सगळं समजलं होतं.

गुंडाला बाजेवर घालून स्टँडवर नेलं. ड्रायव्हरनं उतारू खाली उतरवले आणि एस्टी थेट सांगलीला काढली. गुंडा वाचला. पण छाती कायमची अधू झाली. बेदाण्याच्या पाट्या उचलायचं काम त्याच्या हातून पुन्हा झालं नाही.

एस्टी गेल्यावर लालासाहेबानं सयाजीला ऑफिसच्या मागं गाठलं.

"सायबाला मी काय बोलणार न्हाई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुजी नोकरी ऱ्हाईल. फकस्त एवढं ध्यानात ठेव, ती माज्यामुळं ऱ्हायली. तुज्या भनीला पण सांग."

सयाजीच्या अंगाची आग झाली. गुंडाची लाज वाटत होतीच, पण पाय उचलले ते ह्या बोलण्यानं. ह्या माणसाच्या उपकाराखाली जगण्यापेक्षा नोकरी गेलेली बरी. तो तसाच आत गेला आणि साहेबांपुढं उभा राहून म्हणाला, "पेटी चांगली हाय सायेब. कळ मीच दाबत न्हवतो."

साहेबांनी त्याला तिथल्या तिथं खुर्चीवरून उठवलं. नोकरी अगदी गेली नाही. बोर्डावरून काढून त्याला शिरवळला खांब आणि तारा ओढायच्या टोळीत धाडलं.

बनाबाईला हे बाजारात कळलं. घरी येऊन तिनं भावापुढं ताट ठेवलं आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"मी तुला कवा म्हनलं हुतं, माजा सूड उगव म्हणून?"

सयाजी म्हणाला, त्यानं तुझं वाटोळं केलं.

"त्यानं माजं केलं. तू गुंडाचं केलंस. आन लोक दोनीकडं माजंच नाव घेत्यात."

दुसऱ्या दिवशी वळकटी घेऊन तो निघाला, तेव्हा बनाबाई गुंडाच्या घरी भाकरी द्यायला गेली होती. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग दाराला कडी लावून तो स्टँडकडं चालू लागला.