पिंजऱ्याची बिजागरी

मित्रांनो, मी न्यायालयातला एक जुना पिंजरा आहे. घाबरू नका, माझ्यात वाघ-सिंह कधीच नव्हते. कमरेइतका लाकडी कठडा, उभं राहण्यापुरती जागा आणि एक छोटंसं दार, एवढाच माझा संसार. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप असतो, तो माझ्यात उभा राहतो.

नवा होतो तेव्हा माझं पॉलिश असं चकाकायचं की वकील मंडळी येता-जाता माझ्यात बघून केस सारखे करत. पुढे घाबरलेल्या हातांनी घासून घासून ते उडालं. दाराची बिजागरी तर इतकी कुरकुरायची की न्यायाधीशबाई निकाल वाचताना मध्येच थांबायच्या. शेवटी सुतारमामांना बोलावलं. कामकाज संपल्यावर ते आले आणि दिवे लागले तरी माझ्याशी झटत राहिले. शिपाईदादा टॉर्च धरून शेजारी बसले होते. इतकी माया मला आजवर कुणी लावली नव्हती.

काही महिन्यांनी माझं दार उघडलं आणि आत आले ते सुतारमामाच, तेही आरोपी म्हणून. माझा विश्वासच बसेना. एका दुकानातलं पितळी घड्याळ चोरल्याचा त्यांच्यावर आळ होता. लोकांनी त्यांना केव्हाच चोर ठरवून टाकलं होतं, कामंही मिळेनाशी झाली होती. मागच्या बाकावर त्यांची मुलगी मान खाली घालून बसली होती. वकील करायची मामांची ऐपत नव्हती, म्हणून न्यायालयानेच एक वकीलताई दिल्या होत्या.

आरोप वाचला गेला. "यंदा कधीतरी तुम्ही घड्याळ चोरलंत, कबूल आहे का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

मामा गोंधळले. "कधीतरी म्हणजे कधी, बाईसाहेब? दिवस कळला तर मी कुठे होतो ते सांगेन."

"ते यांना चांगलं ठाऊक आहे," सरकारी वकील म्हणाले.

वकीलताई ताडकन उठल्या. "ठाऊक आहे असं धरून कसं चालेल? गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. काय, कुठून, केव्हा, हे सांगितलंच नाही तर मामा उत्तर कशाचं देणार?"

न्यायाधीशबाईंनी मान डोलावली. "आरोप नीट मांडा. आणि यांना समजेल अशा भाषेत वाचा."

पुढच्या तारखेला तो नीट वाचला गेला. मार्चचा पहिला सोमवार, संध्याकाळी दिवे लागल्यावर, चौकातलं दुकान. माझ्या फळ्या शहारल्या. तेव्हा तर मामा माझ्यापाशी होते! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण लाकडाला कुठली जीभ? मामा डोकं खाजवत आठवत होते. तेवढ्यात त्यांचा हात माझ्या बिजागरीवर पडला.

"त्या संध्याकाळी मी इथेच होतो की," ते म्हणाले. "हीच बिजागरी बसवत होतो."

सगळे हसले. पण नुसत्या शब्दावर भागत नाही. शिपाईदादांनी शपथ घेऊन साक्ष दिली. सरकारी वकिलांनी त्यांना उलटसुलट विचारून भंडावून सोडलं, तरी दादा ढळले नाहीत. मग वकीलताईंनी दुकानदाराला विचारलं, चोराचा चेहरा पाहिलात का? त्याने फक्त हत्यारांची पिशवी पाहिली होती. तशी पिशवी तर नळ दुरुस्त करणाऱ्याकडेही असते. मामा निर्दोष सुटले आणि मला आनंदाने भरून आलं.

बाहेर पडताना त्यांनी माझं दार दोनदा उघडून पाहिलं. "एक स्क्रू ढिला झालाय. उद्या संध्याकाळी येतो."

"या वेळी बाहेरूनच बसवा हं," शिपाईदादा म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणाचं पेन हरवलं तर लगेच कुणाकडे बोट दाखवू नका. कधी आणि कुठे हरवलं ते आधी सांगा, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबा.

दुसऱ्या दिवशी मामा खरंच आले आणि जमिनीवर बसून स्क्रू आवळू लागले. या वेळी टॉर्च त्यांच्या मुलीने धरला होता, आणि ती सारखी हसत होती.