मामा कुठला?

"काका, माझ्या मामाचं आडनाव दुसरं असतं, तर खोली दिली असती का हो तुम्ही?"

हा प्रश्न उमाशंकरकाकांच्या दारात उभं राहून विचारायचा, अशी पैज वर्गातल्या जेबा आणि मंजुश्रीनं मधल्या सुट्टीत लावली. "तुझ्यानं व्हायचं न्हाई," असं मंजुश्री म्हणाली आणि तिथंच घोळ झाला. वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून दहावीतल्या संबोधी गायकवाडला ते वाक्य सहनच होत नव्हतं.

"विचारून तर बघ," जेबा डबा बंद करत म्हणाली. "तुम्हाला निदान मामापर्यंत जाऊ देतात. आमच्या अब्बूंनी नाव सांगितलं की खोलीला लगेच भाडेकरू मिळालेला असतो."

तिघी हसल्या. पण संबोधीला काकांकडं चावी घ्यायला गेलेला दिवस विसरता येत नव्हता.

तिच्या आईनं, ज्योत्स्नानं, घरदार सांभाळून चाळिशीत वकिलीची परीक्षा काढली होती. घर नांदेडच्या पार कडेला. तिथवर पक्षकार कोण येणार? दुसऱ्या वकिलाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर किती दिवस बसायचं? तेवढ्यात कोर्टामागच्या गल्लीत उमाशंकरकाकांची रस्त्याकडची खोली रिकामी झाली. एक टेबल आणि चार खुर्च्या मावतील एवढीच, पण आईला ती बघताक्षणी आवडली. काकांनाही माणसं पसंत पडली. पप्पांची रेल्वेतली नोकरी आवडली आणि गायकवाड आडनावही आवडलं. त्या आडनावात सगळ्याच जाती मावतात. काकांनी आपल्या मनानं हवी ती मानून घेतली. पप्पांनी तर हौसेनं आईच्या नावाची पाटीसुद्धा रंगवून आणली.

चावी घ्यायला आई, पप्पा आणि संबोधी अशी तिघं गेली. गौरम्माकाकूंनी चहा आणला. बशीत चहा ओतता ओतता काकांनी सहज विचारलं, "अन् मामा कुठला गं तुझा?"

आपल्याकडं जात कुणी विचारत नाही, मामा विचारतात. संबोधीला हे कुठलं माहीत! मामा म्हणजे तिचा जीव की प्राण. "देवणीचा! कांबळे सर म्हणून अख्खा तालुका ओळखतो. लई भारी गातो!"

पप्पांचा कप ओठांपाशीच थांबला. काका "छान, छान" म्हणत चावी आणायला आत गेले, ते चहा निवला तरी बाहेर येईनात. आले ते रिकाम्या हातानं. "चावी सापडून न्हाई राहिली. अन् आमचा पुतण्या पुण्याहून यायचं म्हणतोय. बघू, कळवतो."

तिघं घरी परतली. पाटी पलंगाखाली गेली.

आता संबोधी एकटीच त्या दारात उभी होती. पैज लावणाऱ्या दोघी गल्लीच्या तोंडाशी पाणीपुरीच्या गाड्याआड लपल्या होत्या. खोलीच्या कडीला 'भाड्याने देणे आहे' असा पुठ्ठा लटकत होता.

तिनं प्रश्न विचारला. ढाल जिंकलेल्या आवाजात सुरू केला आणि शेवटी आवाज कापलाच.

काका ओशाळले. "अगं, पुतण्या..."

"मग पुठ्ठा कशाला लावलात?"

काकांनी पुठ्ठ्याकडं बघितलं, मग घरात बघितलं. "मला काय न्हाई गं पोरी. मी तसलं मानत न्हाई. पण भावकी हाय, गल्ली हाय." आणि मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाले, "एक सांगू? तुमचं आडनाव चांगलं हाय. कुणाला पत्ता लागत न्हाई. दुसरीकडं जाल तिथं मामाचं नाव काढू नको. तुझ्या आईचं काम होऊन जाईल."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. संबोधी मागं फिरली. जेबानं पैजेची पाणीपुरी पुढं केली, तिनं खाल्ली नाही.

घरी आली तर पप्पा चपला काढून खुशीत बसलेले. "मोंढ्याकडं एक खोली हाय म्हणे. उद्या बघायला जाऊ." मग जरा चाचरत, "बाळा, तू घरीच थांब उद्या."

"का?"

आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तुझ्यावर राग न्हाई गं. आलीस तरी चालंल. पण कुणी विचारलं, तर मामा गावाकडं असतो एवढंच सांग. पुढचं राहू दे."

तेच वाक्य. तिकडं काकांच्या तोंडून आलेलं, आता आईच्या. पण हे म्हणताना आईचा हात एकाच देठावर अडला होता, आणि हा मामा तर तिचा सख्खा भाऊ. तिच्या वकिलीच्या पुस्तकांना त्यानंच कव्हरं घातली होती.

संबोधी पलंगाखाली वाकली, पाटी ओढून काढली, ओढणीनं पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"मम्मी, पप्पा, ऐका. उद्या मी येणार. अन् मी मामाला आत्ताच फोन करून राहिले. त्यानं सकाळच्या पहिल्या बसनं यायचं. मोंढ्याच्या त्या दारात सगळ्यात पुढं तोच जाईल, नाव सांगून. चहा त्याच्यानंतर प्यायचा."