उरलेले दोन किलोमीटर

"तोंड तिकडं फिरव, जोत्या. मी ठोकतो तो बोल्ट कसा हाय, सांग."

जोतीरामने रुळालगतच्या उसाकडे तोंड केले. गुंडाने त्याच्याच हातोड्याने रुळाच्या सांध्यावरचा बोल्ट ठोकला. घट्ट बोल्ट खणखणतो, ढिला बद्द वाजतो. रोज सहा किलोमीटर रूळ तपासत चालणाऱ्या चावीवाल्याला हा फरक झोपेतही कळायला हवा.

"घट हाय, साहेब."

"साहेब गेला खड्ड्यात. आन ह्यो?" गुंडा ओरडला.

"घट."

बराच वेळ पुढचा प्रश्न आला नाही, म्हणून जोतीराम वळला. गुंडा उकिडवा बसून पान्याने बोल्ट आवळत होता. इस्त्रीच्या पँटला ग्रीस लागले होते.

सकाळी तपासणीच्या ट्रॉलीवरून गुंडाने त्याला तीन हाका मारल्या होत्या. एकही त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

"कवापास्नं?" गुंडाने समोर येऊन मोठ्याने विचारले.

"दिवाळीपास्नं. डिझेलचं इंजिन लांबनं पायाला कळायचं. ही इजेची गाडी पाठीशी आली तरी पत्ता न्हाई."

"आन गप ऱ्हायलास? मरायचं हाय का?"

"अकरा म्हैनं ऱ्हायल्यात, गुंडा. कळलं तर हापिसात स्टुलावर बसवत्यात, सायबाची बेल ऐकायला." तो थकल्यासारखा हसला. "ती तरी कुटं ऐकू येनार? मला रुळावरनंच रिटायर हू दे."

गुंडा हसला नाही.

एकोणतीस वर्षांपूर्वी हे दोघे आणि उदयसिंह रूळदुरुस्तीच्या एकाच गँगमध्ये लागले होते. गुंडा एकेक खातेपरीक्षा देत मोठा इंजिनिअर झाला. उदयसिंह युनियनमध्ये शिरला, नोकरी सोडून जिल्हा परिषदेवर गेला, मग आमदार, आणि आता राज्यमंत्री. आज नव्या दुहेरी मार्गाच्या कार्यक्रमाला तोच आला होता. गुंडाच्या अभ्यासासाठी आणि उदयसिंहच्या सभांसाठी ज्या गस्ती चुकायच्या, त्या जोतीराम मारायचा. त्याने स्वतः परीक्षेचा अर्ज कधी भरलाच नाही.

दोघे कार्यक्रमाच्या मांडवाजवळ पोचताच उदयसिंहने जोतीरामला मिठी मारली. "ह्यो आमचा जोत्या! ह्याच्या जिवावर मी म्होरं आलो!" माणसांनी टाळ्या वाजवल्या. जोतीरामला उदयसिंहचे ओठ तेवढे हलताना दिसले. तिघांचा फोटो निघाला आणि मंत्र्यांच्या गाड्या सांगलीकडे गेल्या.

गुंडाची गाडीही दार उघडून उभी होती. त्याने जोतीरामचा खांदा धरून कानाशी मोठ्याने सांगितले, "उद्यापास्नं रुळावर यायचं न्हाई. कागद मी करतो. शिव्या घाल पायजे तर."

जोतीरामने हत्यारांची पिशवी पुन्हा खांद्याला अडकवली. मग म्हणाला, "आजचं दोन किलोमीटर ऱ्हायल्यात."

गुंडाने ड्रायव्हरला पुढच्या फाटकावर जायला सांगितले आणि तो खडीत उतरला.

जोतीराम पुढे, गुंडा मागे. पाठीमागून रेल्वे येतेय का, हे गुंडा दर काही पावलांनी वळून बघायचा. प्रत्येक सांध्यावर जोतीराम बोल्ट ठोकायचा आणि वळून गुंडाकडे पाहायचा. गुंडा मान हलवायचा. मग पुढचा.

फाटक दिसू लागले तेव्हा एका बोल्टावर गुंडाने मान हलवली नाही.

जोतीरामने पिशवी खाली ठेवली, पाना काढला आणि सावकाश गुडघ्यावर बसला.