गोठ्यातली मुलाखत

पडद्यावरच्या बाईंचे ओठ हलत होते आणि क्रांतीला एक शब्द ऐकू येत नव्हता. पुण्याच्या कंपनीची मुलाखत, त्यासाठी केलेला एवढा आटापिटा, आणि ऐन वेळी आवाजच गायब. नेट पुरावं म्हणून तिने आपला कॅमेरा बंदच ठेवला होता. तिने हेडफोन बंद करून पुन्हा चालू केला. बाई काहीतरी विचारून थांबल्या आणि त्यांनी चक्क मान डोलावली. कुणाच्या उत्तराला?

क्रांतीने ब्लूटूथची यादी उघडली. हेडफोन जोडलेलाच नव्हता. जोडलेला होता तो गोठ्यातला स्पीकर.

हे तिचंच कर्म होतं. गडमुडशिंगीच्या या घरातली म्हैस गाणं लागल्याशिवाय पान्हा सोडत नाही. तिचे हे लाड सासूबाईंनी, तानाबाईंनी केलेले. त्यांचा मोबाईल बिघडला तेव्हा क्रांतीनेच आपला लॅपटॉप स्पीकरला जोडून दिला, आणि जोडणी काढायची राहून गेली. आता धार काढायला बसताना सासूबाईंनी स्पीकर चालू केला असणार. त्याने लॅपटॉपचा आवाज तर पळवलाच, वर स्वतःचा माइकही पुढे केला.

आणि सासूबाईंना पुण्याचं काहीच ठाऊक नव्हतं! नवऱ्याला, सम्राटला, तेवढं माहीत होतं. "नोकरी पक्की झाल्यावर आईला सांगू," हे त्याचंच डोकं. तोवर घरात ऑनलाइन क्लास असल्याची थाप मारलेली.

तिने जोडणी तोडायला बटण दाबलं. पडद्यावर नुसतंच गोल फिरत राहिलं. शेवटी ती अनवाणीच मागच्या दाराने धावली.

गोठ्याच्या दाराशी तिचे पाय थबकले. गव्हाणीवरच्या स्पीकरमधून बाईंचा आवाज येत होता. "म्हणजे मी क्रांतीशी बोलत नाहीये?"

"मी तिची सासू बोलतोय की," तानाबाई खणखणीत म्हणाल्या. "गाणं लावाय गेलो तर तुमीच आलासा. काय काम हाय?"

"नोकरीची मुलाखत आहे, मावशी. तिला पुण्यात राहावं लागेल. पाठवाल ना?"

धारेचा आवाज थांबला. क्रांतीने डोळे गच्च मिटले. संपलं सगळं, असंच तिला वाटलं.

"मला कुणी इचारलंच न्हाय," तानाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "पोरानं न्हाय, सुनंनं न्हाय. इचारलं असतं तर मी काय नगं म्हटलं असतं व्हय?"

क्रांतीला भडभडून आलं. नोकरीची धास्ती कुठल्या कुठे गेली, राहिली ती निव्वळ लाज. ती शेणातून तशीच पुढे गेली आणि बाई ऐकत असतानाच म्हणाली, "आत्ती, चुकलं माझं. जाऊ मी पुण्याला?"

तानाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. ओल्या हातानेच पदर डोळ्यांना लावला.

"आत्ता इचारत्यास व्हय?" त्या म्हणाल्या, आणि स्पीकर उचलून तिच्या हातात दिला. "बोल. बाई खोळंबल्यात."