डोळे उघडे ठेवा, जाऊबाई

थोरल्या जाऊबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा धाकटीला आधी वाटलं, यांना कुणी मारलं की काय! दोन्ही पापण्यांवर गडद निळी आयशॅडो थापलेली, त्यातली अर्धी भुवईपर्यंत पोचलेली.

"हसू नकोस," जाऊबाई म्हणाल्या. "तासाभरात मुलाखत आहे."

धाकटी पोट धरून हसली. हसणारच! घराच्या पुढच्या खोलीत तिनं पार्लर थाटलं तेव्हा याच बाईंनी "रंगरंगोटीचे धंदे" म्हणून नाक मुरडलं होतं. तेव्हापासून एका छपराखाली राहून दोघी एकमेकींशी भिंतीकडे बघून बोलायच्या. पण मुलाखत साधी नव्हती. विमा कार्यालयात बाईंनी उभी हयात काढली, आणि शाखाप्रमुखाच्या खुर्चीनं त्यांना दोनदा हुलकावणी दिली. मागच्या खेपेला तर साहेब तोंडावर म्हणाले होते, "तुम्ही फार थकलेल्या दिसता." आता हुकलं की पुन्हा अर्जही करता येणार नव्हता.

"बसा," म्हणत धाकटीनं सगळं निळं पुसून काढलं.

बाईंनी डोळे मिटले.

"उघडा! तिथंच चुकलात. तुमच्या पापण्या जड आहेत. मिटल्या डोळ्यांवर लावलेला रंग डोळे उघडले की घडीत गडप होतो. मग माणूस आणखी थापतो. माझ्याकडे सरळ बघा."

आली का पंचाईत! बाईंची नजर खिडकीकडे गेली, मग पंख्याकडे.

"इकडे," धाकटीनं दटावलं.

मातकट रंगाचा ब्रश पापणीच्या घडीच्या जरा वर हलक्या हातानं फिरला. दुसऱ्या, कोरड्या ब्रशनं तिनं कडा अशा विरवल्या, की रंग कुठं संपतो ते कळू नये. पापणीच्या मधोमध फिकट रंगाचं एक बोट. हळूहळू बाईंची नजर स्थिरावली. त्या डोळ्यांत तोरा नव्हता, भीती होती, हे धाकटीला आज पहिल्यांदा दिसलं. तिचा राग कुठल्या कुठं पळाला.

"जा, खुर्ची घेऊनच या," ती म्हणाली.

संध्याकाळी जाऊबाई वाऱ्यासारख्या आत शिरल्या.

"मिळाली! साहेब म्हणाले, एवढा भार झेपेल का तुम्हाला? म्हटलं, झेपेल. आणि नजर काढलीच नाही गं मी. शेवटी त्यांनीच खाली बघितलं!"

त्यांनी धाकटीला घट्ट मिठी मारली आणि दोघी घळाघळा रडल्या. मग नाक पुसत धाकटीनं जाऊबाईंचा चेहरा उजेडात धरून पापण्या निरखल्या. रंग जागच्या जागी होता.

"बघा!" ती ओरडली. "याला म्हणतात हाताचा गुण!"